रायपूरचा नट आणि त्याची बोली

नट कोणत्या भाषेत अभिनय करतो, हा प्रश्न प्रथमदर्शनी निरर्थक वाटेल. नाटक ज्या भाषेत लिहिले असेल त्या भाषेत तो बोलतो, एवढे उत्तर आपणांस पुरेसे वाटते. परंतु १९०३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा एक प्रयोग झाला, तो या उत्तराने उलगडत नाही. त्या प्रयोगात सर्व पात्रे इंग्रजीत बोलत होती. एकटा शायलॉक यिद्दिशमध्ये बोलत होता. शायलॉकची भूमिका करणारे जेकब ॲडलर हे ओडेसा येथे जन्मलेले यिद्दिश रंगभूमीवरील थोर नट. प्रेक्षकांपैकी कित्येकांना त्यांचा शब्द कळत नव्हता. तरीही प्रयोग झाला, आणि नाट्येतिहासात नोंदला गेला.

यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यू समाजाची घरातली आणि बाजारातली बोली. धर्मविधीची भाषा हिब्रू, प्रतिष्ठेची भाषा जर्मन किंवा रशियन. यिद्दिशला तिचे बोलणारे सुशिक्षितही ‘जार्गन’ म्हणून हिणवीत. १८७६ साली रुमानियातील याश गावी गोल्डफाडेन यांनी मद्यगृहांतून गाणाऱ्या गायकांना हाताशी धरून या बोलीची व्यवसायी रंगभूमी उभी केली. पुढे १८८३ साली रशियात यिद्दिश नाटकांवर बंदी आली, आणि ॲडलर यांच्यासारखे नट आधी लंडनला व मग न्यूयॉर्कला गेले. ब्रॉडवेवर त्यांनी आपली बोली सोडली नाही, हा निव्वळ स्वाभिमान नव्हता. नटाचे शरीर, त्याचा श्वास, त्याचे थांबणे, हात उचलण्याची त्याची वेळ या साऱ्या गोष्टी त्याच्या बोलीतच घडलेल्या असतात. बोली काढून घेतली म्हणजे मागे उरतो तो त्या नटाचा केवळ देह, हे ॲडलर यांना बहुधा अनुभवानेच ठाऊक असावे.

आपल्या देशात हीच गोष्ट एका दिग्दर्शकाला कळावयास पंधरा वर्षे लागली. ते दिग्दर्शक हबीब तन्वीर. ते स्वतः नट होते, आणि ज्या बोलीचा हा प्रश्न होता ती त्यांच्याच गावची होती. त्यांचे यश सर्वश्रुत आहे. त्यांची चूक मात्र अधिक उद्बोधक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तन्वीर यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे झाला. मूळ नाव हबीब अहमद खान. वडील हाफिज अहमद खान हे पेशावरकडून येऊन रायपुरात स्थायिक झालेले. घरात उर्दू, शाळेत हिंदी-इंग्रजी आणि दाराबाहेर छत्तीसगढी, अशी त्यांची भाषिक जडणघडण. शिक्षण रायपूरच्या लॉरी म्युनिसिपल हायस्कुलात आणि नंतर नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. तेथून ते १९४४ साली पदवीधर झाले. त्या काळी रायपूर हे मध्यप्रांतातील जिल्ह्याचे गाव, आणि नागपूर ही त्याची राजधानी. तेव्हा नागपूरला शिकावयास जाणे ही तेथील मुलांची रूढ वाट होती. मराठी वाचकाला रायपूर परके वाटण्याचे तसे कारणच नाही. १७४१ नंतर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर बसला, बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि १८५४ पर्यंत तो प्रदेश नागपूरच्या छायेत होता.

कविता लिहिण्यासाठी घेतलेले ‘तन्वीर’ हे उपनाव पुढे कायमचे झाले. १९४५ साली ते मुंबईस आले. नभोवाणीवर काम, वृत्तपत्रीय लेखन, चित्रपटांतील लहानमोठ्या भूमिका असे सर्व काही त्यांनी केले. पण त्यांना घडविले ते भारतीय जननाट्य संघाने, म्हणजे ‘इप्टा’ने. याच चळवळीच्या मराठी शाखेत तेव्हा अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर गिरणगावात तमाशाचा बाज नव्या आशयासाठी राबवीत होते. लोकनाट्याचा नट पोटातून बोलतो आणि अंगभर बोलतो, हे पाहण्याची संधी तन्वीर यांना मुंबईतच मिळाली होती. येथेच एका तालमीत बलराज साहनी यांनी त्यांना थोबाडीत मारली. रडण्याचा प्रसंग त्यांना साधत नव्हता. थप्पड बसताच डोळ्यांत पाणी आले, आणि आता हे तुझ्या अंगाला आठवेल, अशा अर्थाचे काही साहनी बोलले. ही आठवण तन्वीर पुढे अनेकदा सांगत. शिकवण्याची ही रीत कोणी गिरवावी असे नव्हे. पण अभिनय बुद्धीला कळण्याआधी अंगाला आठवावा लागतो, हा तिच्यातील अर्थ पुढे त्यांच्याच कामी आला. मात्र तो कामी येण्यापूर्वी त्याचा त्यांना बराच काळ विसर पडला होता.

१९५४ साली ते दिल्लीस गेले. त्याच वर्षी ‘आग्रा बाजार’ हे नाटक झाले. विषय अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील कवी नजीर अकबराबादी. परंतु कवी रंगमंचावर येतच नाही. येतो तो बाजार. काकडी विकणारा एक गरीब फेरीवाला आपला माल खपावा म्हणून काकडीवर कविता लिहून घ्यावयास दारोदार हिंडतो. पुस्तकांच्या दुकानातले विद्वान नजीरला कवी मानावयास तयार नाहीत, कारण तो बाजारच्या भाषेत लिहितो. पतंगाच्या दुकानावर मात्र सर्वांच्या तोंडी त्याचीच कवने. या नाटकात जामिया मिलियाचे विद्यार्थी होते, तसे जवळच्या ओखला गावचे रहिवासीही होते. बोलीच्या अप्रतिष्ठेचा प्रश्न तन्वीर यांनी येथे विषय म्हणून हाताळला. पण नटाच्या बाबतीत तो अजून त्यांच्यासमोर आलेला नव्हता.

१९५५ साली ते इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकादमीत आणि नंतर ब्रिस्टलला त्यांनी रीतसर नाट्यशिक्षण घेतले. तेथून युरोपभर हिंडून ते १९५६ साली बर्लिनला पोहोचले. ब्रेख्तला भेटण्याची इच्छा होती. ब्रेख्त त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारले होते. त्यांच्या मंडळीचे प्रयोग पाहत तन्वीर काही महिने तेथे राहिले. इंग्लंडमधील शिक्षणाचा त्यांना फारसा उपयोग झाला नाही असे ते म्हणत. आपल्या मातीतील शब्दांची चाल परक्या शब्दोच्चारपद्धतीत बसत नाही, असा त्यांचा अनुभव. हे ज्याला लंडनमध्ये स्वतःविषयी उमगले, त्याने १९५८ साली दिल्लीत इतरांच्या बाबतीत नेमकी तीच चूक करावी, हे नवल आहे.

परतल्यावर ते रायपूरला घरच्यांना भेटावयास गेले, आणि तेथे त्यांनी रात्रभर नाचा पाहिला. आपल्याकडे ‘नाच्या’ ही व्यक्ती. छत्तीसगढात ‘नाचा’ हा सबंध खेळ. अंधार पडल्यावर सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारा, लिखित संहिता नसलेला, गावच्या मोकळ्या जागेत तिन्ही-चारी बाजूंनी बसलेल्या लोकांच्या मध्ये होणारा. विदूषकाला ‘जोक्कड’ म्हणतात, स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषाला ‘परी’, आणि गाण्यांच्या मधून येणाऱ्या विनोदी नाट्यप्रवेशांना ‘गम्मत’. हा शब्द कानी पडताच विदर्भातील ‘खडी गंमत’ आठवल्यावाचून राहत नाही. तिकडे नाचाच्या एका जुन्या प्रकारास ‘खडे साज’ म्हणतात. भोसल्यांच्या फौजांबरोबर काही गेले असेल, काही आले असेल. गोंदिया-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दंडार पाहिलेल्या माणसाला नाचा पाहताना आपण फार दूर आलो आहोत असे वाटणार नाही. राजनांदगाव भागातील रवेली गावचे दाऊ मंदराजी यांनी या खेळाला बांधीव रूप दिले. जुन्या चिकाऱ्याच्या जागी त्यांनी हार्मोनियम आणली असे सांगतात. त्यांच्याच मंडळीत मदनलाल, ठाकूरराम, भुलवाराम, लालूराम यांच्यासारखे नट तयार झाले होते.

तन्वीर यांनी यांच्यातील सहा जणांना दिल्लीस नेले आणि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वर आधारलेल्या ‘मिट्टी की गाडी’त उभे केले. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, त्यांनी व मोनिका मिश्र यांनी ‘नया थिएटर’ स्थापन केले. मोनिका मिश्र पुढे त्यांच्या पत्नी झाल्या.

आणि येथे अडचण सुरू झाली. जो ठाकूरराम गावच्या मैदानात हजारो लोकांना पहाटेपर्यंत जागेवरून हलू देत नसे, तो दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून उभा राहू लागला. तन्वीर यांनी त्याच्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. पहिली, छत्तीसगढीऐवजी हिंदीत बोलणे. दुसरी, आखून दिलेल्या जागी आखून दिलेल्या क्षणी येणे-जाणे. यांपैकी पहिलीकडे टीकाकारांचे लक्ष जाते. दुसरीही तितकीच घातक होती. नाचाचा नट जिकडून हशा येईल तिकडे वळतो, तेथे जातो, त्या माणसांशी बोलतो. त्याची हालचाल प्रेक्षकाने ठरविलेली असते. त्याला एकाच बाजूला प्रेक्षक असलेल्या मंचावर डावी-उजवी बाजू सांभाळावयास लावणे म्हणजे नावाड्याला रुळांवर नाव चालविण्यास सांगण्यासारखे होते. तालमींत दिग्दर्शक संतापे, नट गोंधळून जाई. आणि हे असे थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ पंधरा वर्षे चालले. अधूनमधून नट गावी निघून जात. शेतीची कामे असत, आणि मनही रमत नसे.

शूद्रकाचेच नाटक हाती असावे, हा यातील खरा विरोधाभास. संस्कृत नाटकात राजा व ब्राह्मण संस्कृत बोलतात आणि इतर पात्रे आपापल्या प्राकृतांत बोलतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ‘मृच्छकटिका’त प्राकृतांचे जितके प्रकार आले आहेत तितके दुसऱ्या कोणत्याही नाटकात नाहीत. शौरसेनी, आवंती, प्राच्या, मागधी, शकाराची स्वतंत्र शकारी, चांडालांची चांडाली, जुगाऱ्यांची ढक्की. माणूस ज्या वस्तीचा त्या वस्तीची त्याची वाणी. हे नाटक मराठीत देवलांनी आणले तेव्हा ही विविधता एकसुरी नागर मराठीत विरून गेली. त्याचा दोष देवलांना देण्याचे कारण नाही, संगीत नाटकाचा तो संकेतच होता. पण ज्याच्यापाशी छत्तीसगढी बोलणारे सहा अस्सल नट होते त्याने शूद्रकाच्या मंचावर त्यांना प्रमाण हिंदी बोलावयास लावावे, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे. पुढे तन्वीर यांनी हेच नाटक छत्तीसगढीत पुन्हा केले. हे प्रायश्चित्त होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९७० च्या सुमारास त्यांच्या विचारात पालट होऊ लागला, आणि १९७३ साली रायपूरला सुमारे महिनाभर चाललेल्या नाचा शिबिरात तो पूर्ण झाला. शंभरावर लोककलावंत तेथे जमले होते. तन्वीर यांनी या वेळी शिकविणे थांबविले. नटांनी आपापल्या जुन्या गमती करून दाखविल्या. त्यांतील तीन निवडून, जोडून, मधले दुवे तेथल्या तेथे उत्स्फूर्तपणे रचून एक सलग नाटक उभे राहिले: ‘गांव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’. म्हाताऱ्या सरपंचाला दिलेली मुलगी तिचा प्रियकर देवार या भटक्या गायक जमातीच्या साहाय्याने परत मिळवितो, एवढेच कथानक. संहिता आधी नव्हती. प्रयोग होऊन गेल्यावर ती कागदावर आली. भाषा संपूर्ण छत्तीसगढी. दिल्लीच्या प्रेक्षकांना ती अर्धीमुर्धी कळली असेल. पण ठाकूरराम, मदनलाल, भुलवाराम हे नट म्हणजे काय चीज आहे ते त्यांना त्या दिवशी प्रथम कळले.

दोन वर्षांनी, १९७५ साली, ‘चरणदास चोर’ आले. मूळ कथा राजस्थानचे विजयदान देथा यांच्या संग्रहातील. कधीही खोटे बोलणार नाही असे गुरूला वचन देणारा एक चोर. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही, ही त्याने थट्टेत घेतलेली आणखी चार व्रते. आणि या साऱ्या गोष्टी खरोखरच समोर चालून आल्यावर वचनापायी पत्करलेले मरण. छत्तीसगढात गुरू घासीदासांचा सतनामी पंथ सत्यालाच ईश्वर मानतो. भिलाई येथे सतनामी समाजापुढे या नाटकाचे प्रारंभीचे, अपुरे रूप सादर झाले तेव्हा त्यात पंथी गीते व नृत्य सामावून घेण्यात आले, आणि कथा राजस्थानची उरली नाही. स्वतः तन्वीर त्यात हवालदार होत. लंडनला शिकलेला हा नट आपल्याच नटांच्या शेजारी उभा राहिला म्हणजे किंचित कृत्रिम वाटे, असे मला वाटते. हवालदार हा गावाबाहेरून आलेला सत्तेचा माणूस असल्याने ती कृत्रिमता शोभून जाई, ही गोष्ट वेगळी. (नाना पाटेकर यांच्या ‘प्रहार’ या १९९१ च्या चित्रपटात त्यांचा मोजका अभिनय मराठी प्रेक्षकाने पाहिला असेल, तेथे हा कृत्रिमपणा औषधालाही नाही.) १९७५ मध्येच श्याम बेनेगल यांनी या कथेवर चित्रपट केला, १९८२ साली एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. स्कॉटलंडच्या प्रेक्षकाला छत्तीसगढीचा एक शब्द येत नव्हता. ॲडलर यांच्या शायलॉकची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे.

तरीही हे साम्य फार ताणता येणार नाही. ॲडलर हे स्वतःच्या बोलीत बोलणारे स्वतःचे स्वामी होते. ब्रॉडवेवर काय बोलायचे हे त्यांनी ठरविले. नया थिएटरच्या नटांनी काय बोलायचे हे १९५८ सालीही दिग्दर्शकाने ठरविले आणि १९७३ नंतरही दिग्दर्शकानेच ठरविले. दुसऱ्या वेळी त्याचा निर्णय योग्य होता, इतकाच फरक. शिवाय हा नट आपल्या बोलीत बोलू लागला तो दिल्ली-मुंबईच्या प्रेक्षकांपुढे, ज्यांना ती बोली येत नव्हती. ज्यांना ती येत होती त्यांच्यापुढे नाचा चाललाच होता, तन्वीर यांच्यावाचून. हा आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. पण त्याचे उत्तर शोधावयाचे तर लोकनाट्याचा रूपबंध आणि लोकनाट्याचा नट या दोहोंत फरक करावा लागेल.

१९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ आले. कीर्तन, दशावतारी खेळे, लावणी यांच्या रचनेचा इतका समर्थ उपयोग आधुनिक मराठी नाटकात क्वचितच झाला असेल. परंतु त्यातील नट शहरी व सुशिक्षित होते. त्यांनी लोकनाट्याचा रूपबंध आत्मसात केला. तन्वीर यांचा मार्ग याच्या नेमका उलट. आपल्याला लोकनाट्याच्या आकृतीचे आकर्षण नाही, लोकनटांचे आहे, असे ते आग्रहाने सांगत. म्हणूनच ‘चरणदास चोर’ची रचना पाहिली तर ती नाचापेक्षा ब्रेख्तच्या अधिक जवळची आहे. प्रसंगांची काटछाट, गाण्यांतून येणारे भाष्य, देथांच्या कथेतील पुढचा भाग गाळून चोराच्या मृत्यूशी केलेला शेवट, ही सर्व एका सुविद्य नाटककाराची करणी आहे. नाचाचे जे आहे ते नटाच्या अंगात आहे. दोन्ही मार्ग आपापल्या ठिकाणी योग्य. मात्र आपल्या समीक्षेने दोहोंना ‘लोकनाट्याचा आधुनिक प्रयोग’ या एकाच सदरात घालून भागविले, त्यामुळे नटाचा प्रश्न तसाच राहून गेला. मच्छिंद्र कांबळी यांनी ‘वस्त्रहरण’ मालवणीत उभे केले तेव्हाही आपण बोलीच्या विनोदाविषयीच बोललो. त्या बोलीत त्या नटाचे खांदे, मान, टाळी घेण्याचा हात हे कसे वेगळे चालतात याविषयी फारसे बोललो नाही.

फिदाबाईंचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्या देवार जमातीच्या. गाणे-नाचणे हा पिढीजात व्यवसाय, समाजात स्थान अगदी खालचे. नाचात स्त्रीची भूमिका पुरुष करी. नया थिएटरमध्ये ती जागा फिदाबाईंनी घेतली. ‘चरणदास चोर’मधील राणी त्यांची. १९७८ च्या ‘बहादुर कलारिन’मध्ये त्यांनी त्याहून कठीण भूमिका केली. कलारिन ही दारू विकणारी देखणी स्त्री. तिचा मुलगा एकामागून एक बायका करीत जातो, कारण त्याचे मन आईपाशी गुंतलेले आहे. हे ओळखल्यावर ती त्याचा आणि स्वतःचाही अंत घडविते. ग्रीक शोकांतिकेशी नाते सांगणारे हे कथानक छत्तीसगढच्या लोककथेत होते, आणि ते पेलणारी नटी देवारांच्या वस्तीत होती. विनोदापलीकडे लोकनटाची धाव जात नाही, हा समज येथे खोटा ठरला.

१९९३ साली ‘कामदेव का अपना वसंत ऋतु का सपना’ या नावाने शेक्सपिअरचे ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ झाले, तेव्हा शूद्रकाचा धडा पुरता अंगी मुरला होता. दरबारी पात्रे शहरी नटांकडे, त्यांची भाषा उर्दूमिश्रित हिंदुस्थानी. राजापुढे नाटक करू पाहणारे कारागीर गावच्या नटांकडे, त्यांची भाषा छत्तीसगढी. नागर प्रेक्षकापुढे अडखळत नाटक करणारे खेडूत कारागीर रंगवताना त्या नटांना १९५८ ची दिल्ली आठवली असेल काय, असा विचार मनात येतो.

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. २००७ साली छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक तेथील विधानसभेने संमत केले. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ६२ लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. जनगणनेने मात्र हा आकडा हिंदीच्या बेरजेत मिळविला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिद्दिश बोलणारेही १ कोटीच्या वरच होते. नरसंहाराने तिचे लक्षावधी भाषक नाहीसे केले. सोव्हिएत राजवटीत लिअरच्या भूमिकेसाठी नावाजलेले यिद्दिश नट सोलोमन मिखोएल्स यांना १९४८ साली मिन्स्क येथे ठार मारण्यात आले, आणि वर्षभराने त्यांचे मॉस्कोतील नाट्यगृहही बंद झाले. अमेरिकेत मुले-नातवंडे इंग्रजी बोलू लागल्याने प्रेक्षक ओसरला. छत्तीसगढीवर असा प्रसंग आलेला नाही.

हबीब तन्वीर ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे निवर्तले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, पद्मश्री, पद्मभूषण असे सन्मान त्यांना मिळाले होते. १९७२ ते १९७८ या काळात ते राज्यसभेचे सदस्यही होते. त्यांच्या निधनाच्याच वर्षी त्यांचे एक नट गोविंदराम निर्मलकर यांना पद्मश्री मिळाली. राजनांदगावजवळच्या मोहारा गावचे हे गृहस्थ. चरणदासाची भूमिका केलेल्या नटांपैकी एक. उतारवयात पक्षाघाताने त्यांचे अंग लुळे पडले होते आणि दिवस ओढगस्तीचे होते. २०१२ साली ते वारले. ठाकूरराम, मदनलाल, भुलवाराम यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतांशी तन्वीर यांच्या आठवणींतून, म्हणजे दिग्दर्शकाच्या तोंडून. आपल्याला हिंदीत बोलावयास लावले गेले त्या वर्षांत त्यांना स्वतःला काय वाटत होते, ते त्यांच्या बोलीत ऐकावयास मिळाले असते तर या लेखातील कित्येक विधाने मला कदाचित बदलावी लागली असती.